त्यांनाही मंचावर घ्या

नियम पहिला : सुरुवात थेट मुद्द्याने करावी

प्राध्यापक श्रीहरी बोरकुटे यांना चार माणसांसमोर बोलता येत नव्हतं, म्हणून प्राचार्यांनी त्यांना वक्तृत्वाचा वर्ग घ्यायला सांगितलं.

यात प्राचार्यांची चूक नव्हती. बोरकुटे सर 'सहकार' हा विषय शिकवत. शिकवत म्हणजे सांगत आणि पोरं लिहून घेत. "सहकार म्हणजे, स्वल्पविराम, समान गरजा असलेल्या व्यक्तींनी, स्वल्पविराम, स्वेच्छेने..." असा त्यांचा तास एकसुरी वाहत राही. व्हरांड्यातून जाताना प्राचार्यांच्या कानावर तो आवाज पडे आणि त्यांना वाटे, काय अस्खलित माणूस आहे! ही अस्खलितता वर्गातली सगळी डोकी वहीत असण्यावर उभी आहे, हे त्यांना बाहेरून कसं कळणार? एकदा एका मुलीने मध्येच वर पाहिलं, तेव्हा सरांचा पूर्णविराम भलत्याच शब्दावर पडला होता.

नाही म्हणायची सोय नव्हती. सर अजून कायम झाले नव्हते. परिवीक्षेचं दुसरं वर्ष मार्चात संपत होतं आणि त्यानंतर त्यांना कायम करायचं की भंडाऱ्याच्या गाडीत बसवून गावी परत पाठवायचं, हे संस्थेचे अध्यक्ष खुशालभाऊ दोनाडकर ठरवणार होते. सरांच्या बायकोने, कांताने, आल्यापासून ट्रंकेतली निम्मीच भांडी बाहेर काढली होती. "कायम व्हा, मंग काढतो बाकीचे," ती म्हणे. त्यामुळे घरात पाहुणा आला की त्याला कपात चहा मिळे आणि सर वाटीतून पीत.

तर वर्ग सुरू झाला. आठ पोरं जमली. सरांनी डोळे टेबलावर ठेवून सुरुवात केली, "नियम पहिला, अपूर्णविराम, सुरुवात थेट मुद्द्याने करावी, पूर्णविराम."

हा नियम साधा वाटतो. सावरटोल्यात तो बंड होता. ब्रह्मपुरीच्या पुढे वैनगंगेच्या अलीकडच्या काठावर वसलेल्या या गावात भाषणाची एक रीत होती. आधी नावं घ्यायची. अध्यक्षांचं, मग पाहुण्यांचं, मग मंचावर जो जो बसला असेल त्याचं, हुद्द्यासकट, 'आदरणीय' लावून. नाव सुटलं तर माणूस उठून जात नसे. तो बसून राही, आणि ते जास्त वाईट होतं. मागच्या झेंडावंदनाला एका गुरुजींनी पोलीसपाटलाचं नाव गाळलं. पाटलाने सगळी भाषणं शांतपणे ऐकली, चहा घेतला, जिलेबी घेतली. पुढे गुरुजींच्या पोरीच्या लग्नाला त्या आळीतून एकही बैलबंडी गेली नाही.

"नावं घेता घेता बोलणारा दमतो, ऐकणारा झोपतो आणि मुद्दा घरी निघून जातो," सर टेबलाला म्हणाले.

"सर," पहिल्या बाकावरून आवाज आला. वर पाहणारी मुलगी ती हीच. सत्यशीला खोब्रागडे, बी.कॉम.चं पहिलं वर्ष, नाल्यापलीकडच्या टेकरी गावाहून एस.टी.ने येणारी. वडील प्राथमिक शाळेत मास्तर. "मुद्दा पहिल्याच वाक्यात सांगाचा?"

"पहिल्याच."

"आन् कोनाले झोंबला तं?"

"मुद्दा झोंबलाच पाहिजे!" सर म्हणाले. वर्गाचं दार बंद होतं, म्हणून ते असं म्हणू शकले.

नियम दुसरा : सभेची पूर्वतयारी काळजीपूर्वक करावी

वर्गाचा एक छोटेखानी समारोप करावा, असं प्राचार्यांच्या मनात आलं. प्रत्येक पोराने पाच मिनिटं बोलावं. सरांच्या डोळ्यांसमोर एक टेबल, दोन खुर्च्या आणि फार तर तांब्याभांडं आलं.

सरांच्या भिंतीपलीकडे हरिदासभाऊ ठेंगरी राहत. तहसिलीतून नाझर म्हणून निवृत्त झालेले. सरकारी समारंभांच्या खुर्च्या मांडण्यात त्यांची हयात गेली होती आणि आता मांडायला खुर्च्या नसल्यामुळे ते सल्ला मांडत.

"मंचावर कोन बसून राह्यलं, सर?"

"खुशालभाऊ आणि प्राचार्य."

"दोघंच?" तंबाखू मळणारा हरिदासभाऊंचा अंगठा थांबला. "अजी, दोनच मानसं मंचावर बसले तं लोकाइले वाटन, भांडन मिटवून राह्यले."

सर हसले. हसायला नको होतं.

साल त्र्याऐंशी. जिल्हा नुकताच फुटला होता. नदीच्या अलीकडे चंद्रपूर राहिला, पलीकडे गडचिरोली झाला. माणसं वाटून झाली होती, कपाटं वाटून व्हायची होती. समारोपासाठी कॉलेजच्या मैदानावर मंडप ठरला, त्याचे बांबू पलीकडून यायचे होते. ते निघाले, आणि नदीच्या मधोमध वाळूत बंडी अडली. पलीकडचा जंगलखात्याचा राऊंड ऑफिसर म्हणाला, परवान्याशिवाय जाऊ देणार नाही. अलीकडचा म्हणाला, परवान्याशिवाय येऊ देणार नाही. सर सायकल घेऊन एका काठावरून दुसऱ्या काठावर गेले, पाण्यात सायकल डोक्यावर घेऊन. परवान्याला शिक्का लागतो, शिक्का कपाटात आहे, कपाट या जिल्ह्यात आहे आणि किल्ली त्या जिल्ह्यात, एवढं त्यांना दिवसअखेर कळलं. बैल तेवढ्यात पोटभर पाणी पिऊन बसले होते.

"त्याइले मंचावर घ्या," हरिदासभाऊ म्हणाले.

"कोणाला?"

"दोघाइले. एकाले घेतलं तं दुसरा पुन्हा बंडी अडवन."

सरांनी दोघांना आमंत्रण दिलं. बंडी निघाली. परवान्याचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

मग लाऊडस्पीकरची परवानगी. थाणेदारांनी अर्ज उलटा करून पाहिला. "विषय?"

"वक्तृत्व."

"ते समजलं. बोलनार काय?"

"ते पोरं ठरवतील."

"आन् दंगा झाला तं?"

"साहेब, माझा विषय सहकार आहे. सहकारावर दंगा कसा होईल?"

थाणेदारांनी डोळे मिटून घेतले. "मागच्या वर्सी सहकारावरच झाला."

त्यांनाही मंचावर घेतलं. थाणेदार येतात म्हटल्यावर पोलीसपाटील आला. भर सभेत वीज जाऊ नये म्हणून वीज कचेरीतले साहेब आले. एवढ्या मंडळींना बसायला मंच पुरेना, म्हणून घराघरांतून तक्तपोस मागवले, तेव्हा प्रत्येक तक्तपोसाबरोबर त्याचा मालक आला आणि 'मी कुठी बसू?' म्हणून उभा राहिला. आपल्याच पलंगावर दुसऱ्या कुणाची खुर्ची असावी आणि आपण खाली बसावं, हे कुणाला सोसेल?

सर बेचैन झाले. तरी त्यांनी मनाला समजावलं, बसेनात का. आपली पोरं नावं घेणारच नाहीत. थेट मुद्दा.

आणि मग त्यांनी मुद्दा ऐकला.

नियम तिसरा : एकदा तरी तालीम करावी

सत्यशीलेचा विषय होता 'महाविद्यालय : माझे दुसरे घर'. हा विषय प्राचार्यांनीच दिला होता. त्यातून काही निघणार नाही, याची त्यांना खात्री होती. ती रिकाम्या वर्गात सरांसमोर उभी राहिली.

"माझ्या दुसऱ्या घरात धान राह्यते. धान भायेर निघाल्यावर आमी राह्यतो."

सरांनी दार लोटून घेतलं.

हे धान खुशालभाऊंचं होतं. खुशालभाऊंची राईस मिल गावात एकच, आणि कॉलेजही एकच. हंगामात मिलच्या धानाचे ढीग रात्री कॉलेजच्या व्हरांड्यात आणि वर्गांत असत. सकाळी बायका ते बाहेर काढून मैदानावर पसरत, वर्ग झाडत, मग कॉलेज भरे. साडेदहाचं कॉलेज साडेअकराला. मग शेवटचा तास पाचच्या पुढे जाई, आणि टेकरीची शेवटची एस.टी. साडेचारला. नाल्यापलीकडच्या पोरी शेवटचा तास सोडून पळत. त्या तासाची त्यांची हजेरी इतकी कमी भरली होती, की परीक्षेला बसू दिलं जाणार नाही, अशी सूचना फळ्यावर लागली होती. हे सगळ्यांना माहीत होतं. धान कुणाचं हेही माहीत होतं. म्हणूनच कुणी बोललं नव्हतं.

"हे... पहिल्याच वाक्यात?" सरांनी विचारलं.

"तुमीच तं सांगतलं ना जी."

"थोडी प्रस्तावना केली तर?"

"'प्रस्तावना म्हणजे मुद्द्याला केलेला उशीर.' हे बी तुमीच लिवून देल्लं, सर. पूर्णविरामासकट."

सरांना एकदम ट्रंक दिसली, निम्मी भरलेली, आणि तिच्यात उरलेली निम्मी भांडी परत जाताना दिसली. अध्यक्ष मंचावर, मंचासमोर अध्यक्षांचं धान, आणि सरांनी तयार केलेली विद्यार्थिनी भोंग्यातून सगळ्या गावाला सांगतेय. मार्चात कायम! मुलीचं नाव काढावं, तर आठांत बोलणारी ती एकटीच. बाकीच्यांना सरांनी शिकवलं होतं तसंच बोलता येत होतं, म्हणजे खाली पाहून.

संध्याकाळी हरिदासभाऊ भिंतीवरून मंचावरची माणसं मोजत होते. "सर, पोट्ट्याइले पाचच मिनिटं देल्ले? नावातच जातीन ना जी पाच मिनिटं."

सर वाटी खाली ठेवून उभे राहिले. वाटीत चहा होता.

"काय म्हणालात?"

"म्हनलं, नावं घेता घेताच घंटी वाजन."

नियम पहिला (दुरुस्त)

"जुना नियम खोडा," दुसऱ्या दिवशी सर म्हणाले. "सुरुवात मंचावरील प्रत्येक मान्यवराचे नाव, स्वल्पविराम, हुद्दा, स्वल्पविराम, व गाव घेऊन करावी, पूर्णविराम. एकही नाव गाळल्यास वक्ता बाद, उद्गारचिन्ह."

आठांतली सात डोकी लिहू लागली. एक वर आलं.

"आन् मुद्दा, सर?"

"उरलेल्या वेळात."

उरलेला वेळ उरू नये, एवढंच आता बघायचं होतं. सरांनी सायकलीत हवा भरली. ज्यांना कुणी कधी कुठल्या मंचावर बसवलं नव्हतं, अशांच्या दारात ते जाऊन उभे राहिले. पोस्टमास्तर. गुराढोरांचे डॉक्टर. कोंडवाड्याचा कारकून. बैलांच्या शर्यती भरवणाऱ्या शंकरपटाच्या कमिटीतले सगळे, कारण एकाला घेऊन बाकीच्यांना सोडलं तर पटाच्या दिवशी बैल उधळतात म्हणे. भजनी मंडळ, पेटीसकट.

"आमाले काऊन बलावून राह्यले?" लोक संशयाने विचारत.

"तुमच्याशिवाय शोभा नाही!" सर म्हणत, आणि गंमत म्हणजे त्यांना हे न अडखळता म्हणता येत होतं. लांब नावाचा माणूस भेटला की त्यांना विशेष आनंद होई. एकाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, 'माजी उपसरपंच तथा संचालक, विविध कार्यकारी सेवा सहकारी संस्था मर्यादित' हे सगळं मिळून जवळजवळ अर्धं मिनिट होत होतं. सरांनी त्याचे हातच धरले.

कांता दारात उभी राहून ही ये-जा पाहत होती. "अवो, लोकं आमदार झाल्यावर बी एवढे फिरत नाई. तुमी तं कायम बी नाई झाले."

"त्याच्यासाठीच!" सर म्हणाले आणि गेले.

इकडे मंच वाढत होता. मंडपाची लांबी बांबूंनी ठरवलेली. मंच पुढे सरके तसतशी श्रोत्यांसाठी अंथरलेली दरी मागे गुंडाळली जाई. लाऊडस्पीकरवाला मुखरू रोज येऊन भोंग्याचा बांबू थोडा पुढे रोवून जाई. शेवटी तो वैतागला. "सर, आता याच्या पुढे गेलो तं भोंगा धानात लागन. पब्लिक कुठी बसवता?"

"पब्लिकला कोण मोजतो?" सर म्हणाले. त्या वेळी त्यांना वाटलं, आपण सहज बोललो.

हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग. आदरणीय, आदरणीय, आदरणीय. हॅलो.

नियम चौथा : श्रोत्यांच्या नजरेला नजर द्यावी

समारोपाच्या दिवशी दुपारी गाव लोटलं. सरांना भरून आलं. वक्तृत्वाची इतकी ओढ! मग गुणाबाई आली. खांद्यावर बसायला गोणपाटाचा बोरा, कडेवर नातू, हातात शिदोरी. ही खुशालभाऊंची मावशी.

"नाटक कोनतं हाय जी?"

धानकापणी झाली की या मुलखात मंडप म्हणजे नाटक. दुसरं काही मंडपात होत असतं, हे कुणाच्या डोक्यात येत नाही. लोक दुपारीच बोरे टाकून जागा धरतात.

"मावशी, नाटक नाही. भाषणं आहेत."

"म्हंजे नाटकाच्या आदी?"

"नुसतीच भाषणं."

"मंग एवढे मानसं वर काऊन बसवले?" गुणाबाई मंचाकडे बघत म्हणाली. "यातला राजा कोनता?"

तिलाही मंचावर घेतलं. अध्यक्षांची मावशी खाली कशी बसवणार?

पहिला वक्ता बिरजू. त्याने नावं अशी पाठ केली होती की घरी त्याला जेवायला हाक मारली तरी तो 'आदरणीय' म्हणून ओ देई. तो सुरू झाला. अध्यक्ष, प्राचार्य, अलीकडचे राऊंड ऑफिसर, पलीकडचे राऊंड ऑफिसर. प्रत्येक नावाला मंचावरचं एक डोकं समाधानाने हलत होतं. माजी उपसरपंचांनी तर उभं राहून नमस्कार केला. "...आणि माझ्या बंधू आणि भगिनींनो..." टण्ण! घंटी. मंचावर टाळ्यांचा कडकडाट झाला. एवढं निर्दोष भाषण सावरटोल्यात झालं नव्हतं. बिरजू घाम पुसत खाली बसला. सरांनी चार दिवसांत पहिल्यांदा पूर्ण श्वास घेतला.

दुसरा वक्ता, तेच. तिसरा, तेच. तिसऱ्याच्या 'पोस्टमास्तर'पाशी मंडपात कुजबुज सुरू झाली, की राजा काही येत नाही. चौथ्याच्या वेळी लोकांनी बोरे झटकले आणि बंड्या जुंपल्या. शेजारच्या गावी शंकरपट होता. पाचवा बोलायच्या आत दरीवर विसरलेली एक चप्पल तेवढी उरली. बोलून झालेली पोरं हारांच्या आणि चहाच्या कामाला मंचावर गेली. मंचावर बसायला जो लायक होता तो वर होता, आणि जो नव्हता तो पटाला गेला होता.

आठवी सत्यशीला. तिचं नाव पुकारणार, इतक्यात पलीकडून नव्या जिल्ह्याच्या ऑफिसातले मोठे साहेब डोंग्यातून उतरून आले. पॅन्ट गुडघ्यापर्यंत ओली. मंचावर तसूभर जागा नाही. सरांचे डोळे चमकले. आणखी एक नाव! तेही लांबलचक! त्यांनी आपली खुर्ची पुढे केली. "बसा साहेब, बसा!" आणि स्वतः उडी मारून खाली उतरले, दरीवर जाऊन मांडी घालून बसले.

बसल्यावर त्यांना कळलं, की ते एकटे आहेत. पाठीमागे वाळणारं धान, त्यावर चिमण्या. पुढे मंच, त्यावर गाव.

सत्यशीला माईकपाशी आली. त्याच क्षणी मंचावर चहा आला. कांता मंचामागे पातेल्यावर बसून गाळत होती, पोरं बशा नाचवत होती, आणि अख्खा मंच आपापल्या बशीवर फुंकर मारू लागला. सत्यशीलेने मागे वळून पाहिलं. कुणाचंही लक्ष नव्हतं. मग समोर पाहिलं. मग थेट सरांकडे.

"आदरणीय बोरकुटे सर," ती म्हणाली. थांबली. "आयकनाऱ्याइचे नावं संपले."

सरांनी घड्याळाकडे पाहिलं. चार मिनिटं आणि पंचावन्न सेकंद शिल्लक होती.

"माझ्या दुसऱ्या घरात धान राह्यते. धान भायेर निघाल्यावर आमी राह्यतो. आमी टेकरीच्या सहा पोरी. शेवटचा तास तुमचा असते, सर. तुमी 'सहकार म्हणजे' म्हनता तवा आमी पुस्तकं भरतो. 'समान गरजा' म्हनता तवर आमी फाटकाच्या भायेर. तुमी कधी वर पाह्यलं नाई, म्हनून तुमाले दिसलो नाई."

सर वर पाहत होते. दुसरीकडे पाहायला काही नव्हतंच.

तिने हात हलवले नाहीत, आवाज चढवला नाही. दोन वर्षं घरी बसून, शेळ्या राखून मग कॉलेजात आलेल्या मैत्रिणीबद्दल सांगितलं. ती परीक्षेला बसली नाही तर उन्हाळ्यात तिचं लग्न ठरेल, हे सांगितलं. मिलच्या मागे मोकळी जागा आहे, तिथे ऊनही आहे, हे सांगितलं. घंटी वाजायच्या आत संपवलं आणि बाजूला झाली.

टाळ्या नाहीत. मंचाला सवयीने चुकल्यासारखं झालं. बशा थांबल्या.

"झालं?" खुशालभाऊंनी मिशीवरचा चहा पुसला. "नावं तं आयकूच नाई आले. काय म्हनलं पोट्टीनं?" त्यांनी डावीकडे पाहिलं, थाणेदारांनी उजवीकडे पाहिलं, राऊंड ऑफिसरांनी एकमेकांकडे पाहिलं. भोंगे बाहेर तोंड करून होते. जे काही बोललं गेलं ते धानाने ऐकलं होतं.

"सर होते ना जी समोर," हरिदासभाऊ म्हणाले. मंचावर त्यांची खुर्ची तिसऱ्या रांगेत होती. "सर सांगतीन."

सगळा मंच सरांकडे पाहू लागला. दोन जिल्हे, जंगल, पोलीस, पोस्ट, पेटी.

सर उभे राहिले. "आदरणीय अध्यक्ष खुशालभाऊ दोनाडकर," ते म्हणाले. "आदरणीय प्राचार्य. आदरणीय थाणेदार साहेब..." नावं येत होती, ओळीने, न चुकता. एकेक डोकं हलत होतं. हे असंच चालू ठेवलं तर ऊन उतरेल, चहा संपेल, मंडळी उठतील आणि मार्चात सगळं ठीक होईल. सत्यशीला मंचाच्या कडेला उभी होती. ती सरांकडे पाहत नव्हती. प्रथमच ती खाली पाहत होती.

पोस्टमास्तरांपर्यंत आल्यावर सर थांबले. पुढचं नाव त्यांना आठवत होतं. ते त्यांनी घेतलं नाही.

"खुशालभाऊ," ते म्हणाले, "तुमचं धान कालेजात राह्यते. पोरी एस.टी.साठी पळून राह्यल्या. त्याइले परीक्षेले बसू नाई देत. धान मिलच्या मांगं टाका आन् कालेज साडेदहाले भरू द्या."

हे सगळं भंडाऱ्याच्या घरच्या बोलीत आलं. मध्ये विरामचिन्हं कुठे होती, ते सरांना नंतरही सांगता आलं नाही.

मंचावर कुणी फुंकर मारली नाही. सगळ्यांनी मंडपापलीकडे पाहिलं. इतका वेळ त्यांच्या समोर माणसं होती, म्हणून धान दिसत नव्हतं. आता अडवायला कुणीच नव्हतं. मैदानभर पसरलेलं, पिवळं, लख्ख, खुशालभाऊंचं.

"राजा हा होय वाटते," गुणाबाई नातवाला म्हणाली. "खाली काऊन बसवला बाप्पा?"

खुशालभाऊंनी बशी खाली ठेवली. डावीकडे एक जिल्हा बसला होता, उजवीकडे दुसरा. ते मोठ्याने हसले. "उद्यापासून धान मिलच्या मांगं!"

मंचाने टाळ्या वाजवल्या. खाली उभ्या असलेल्या एका माणसासाठी गावाने वरून वाजवलेल्या टाळ्या. शेवटच्या तक्तपोसाचा पाय त्यात निखळला आणि कोंडवाड्याचा कारकून भजनी मंडळाच्या पेटीवर बसला. पेटीने सूर दिला.

नियम पाचवा : समारोप थोडक्यात करावा

मार्चात खुशालभाऊंनी सरांना मिलवर बोलावलं. परीक्षा सुरू होत्या. टेकरीच्या सहाही पोरी बसल्या होत्या. मिलच्या मागे धान वाळत होतं.

"बसा, सर." खुर्ची एकच होती, ती त्यांनी सरांना दिली आणि स्वतः पोत्यावर बसले. "तुमी त्या दिवशी बोलले ते बराबर बोलले. मी घरी बी सांगतलं, मानूस बराबर बोलला. राग नाई."

"मग भाऊ, माझं..."

"तुमाले कायम नाई करत. आनखी एक वर्स घेतो."

"पण राग नाही म्हणता ना?"

"अजी, राग नाई म्हनून तं एक वर्स. राग असता तं भंडाऱ्याची गाडी होती ना." खुशालभाऊ समजावणीच्या सुरात बोलत होते, जसं घरच्या माणसाशी बोलावं. "पाहा, तात्पुरता मानूस वर्सातून एक डाव बराबर बोलते. तेवढं संस्थेले झेपते. कायम केला तं तो रोज बोलन."

सर घरी आले. कांता ओट्यावर तांदूळ निवडत होती. तिने तोंडाकडे पाहिलं. सरांनी सांगितलं. तिने सूप बाजूला ठेवलं.

"अवो, एक सांगा," ती म्हणाली. "त्या दिवशी तुमी बोलले तरी काय? सारं गाव सांगते, पन प्रत्येक जन अलगच सांगते. मी तं चहा गाळत होतो."

सर उंबऱ्यात उभे राहिले. तिच्याकडे पाहिलं आणि बोलले, त्या दिवशीसारखंच, सुरुवातीच्या नावांपासून, तेवढंच.

कांताने सगळं ऐकून घेतलं. "आन् पोस्टमास्तरनंतर कोनाचंच नाव नाई घेतलं?"

"नाही. एकट्या खुशालभाऊंचं घेतलं."

"अवो बाप्पा!" कांताने कपाळाला हात लावला, आणि तिला हसू आवरेना. "सारे गाळले! आन् गाळाचं होतं तेच एक घेतलं!"